लठ्ठपणाचे दोन धोके: भरती होण्याचा आणि भरतीनंतर दगावण्याचा

२००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठपणा हा स्वतंत्र जोखमीचा घटक असल्याचे डॉक्टरांच्या प्रथमच ठळकपणे लक्षात आले आणि कोविडने ते पक्के केले. तरीही ‘लठ्ठ रुग्णांना धोका जास्त’ असे म्हणताना आपण दोन प्रश्न एकमेकांत कालवतो: संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना रुग्णालयात भरती करावे लागते, आणि भरती झालेल्यांपैकी किती जण दगावतात. दोन्ही अपूर्णांकांचे छेदच वेगळे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे शरीररचनेत सापडते. पोट सुटलेला माणूस उताणा निजला की पोटातील चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश मिटतात आणि श्वास सोडल्यावर आत शिल्लक राहणारी हवा, म्हणजे प्राणवायूची गंगाजळीच, घटते. एरवी हे खपून जाते; पण न्यूमोनियाने आणखी वायुकोश निकामी झाले की बसल्यावर ९४ दाखवणारा ऑक्सिमीटर आडवे होताच ९०वर येऊ शकतो. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालताना तर प्राणवायूची पातळी इतकी झपाट्याने उतरते की डॉक्टरांच्या हाताशी फार थोडा वेळ उरतो.

दुसरे उत्तर इतके सरळ नाही. न्यूमोनियाच्या काही अभ्यासांत भरती झालेले लठ्ठ रुग्ण सडपातळ रुग्णांपेक्षा कमी दगावलेले दिसले आणि त्याला ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ असे नाव पडले. माझ्या मते हा बराचसा निवडीचा परिणाम आहे: लठ्ठ रुग्णाला डॉक्टर सावधगिरीने लवकर दाखल करून घेतात, तो अनेकदा वयाने लहान असतो, आणि सडपातळांच्या गटात कर्करोगाने किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराने खंगलेलेही मोजले जातात.

कोविडमध्ये हा दिलासाही फारसा टिकला नाही. अमेरिकेतील २३८ रुग्णालयांत २०२० साली नोंदलेल्या १,४८,४९४ कोविडबाधित प्रौढांमध्ये, निरोगी वजनाच्या रुग्णांच्या तुलनेत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक) ३० ते ३४.९ असलेल्यांना भरतीचा धोका १.०७ पट आणि मृत्यूचा १.०८ पट होता. बीएमआय ४५च्या वर गेल्यावर मात्र भरतीचा धोका १.३३ पटच राहिला आणि मृत्यूचा १.६१ पटींवर गेला.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते: लठ्ठपणा कोणत्या देशाच्या निकषाने मोजला आहे, ते आधी पाहायचे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ७० किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय २५.७ येतो, भारतीय निकषानुसार तो लठ्ठ ठरतो, अमेरिकी तक्त्यात मात्र केवळ ‘जादा वजनाचा’.