मटकीची रात्रपाळी

परवा घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. कुकरमध्ये डाळीवर येणारा पांढरा फेस म्हणजे युरिक ॲसिड, आणि कुकरच्या दाबाने प्रथिनं ‘मरतात’. सबब डाळ उघड्या भांड्यात मंद आचेवर तासभर शिजवावी. मावशीने लगेच विचारलं, “मग उद्या डब्याला उसळ करू की नको गं?”

कर, मावशी. तो फेस म्हणजे डाळीतली प्रथिनं, थोडा स्टार्च आणि सॅपोनिन नावाची साबणासारखी संयुगं. युरिक ॲसिड आपल्या शरीरात प्युरिन नावाच्या संयुगांपासून तयार होतं, कुकरच्या झाकणाखाली नाही. फेसाचा खरा त्रास एवढाच की तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. त्यावर चमचाभर तेल पुरतं. आणि प्रथिनं मरायला आधी जिवंत कुठे असतात? उष्णतेने त्यांची घडी उलगडते, आणि ते हवंच असतं. कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, तेही उष्णतेनेच निकामी होतात.

माझा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. असे व्हिडिओ पाहून नोकरी करणाऱ्या बाईला वाटतं, चांगलं खायचं तर शेगडीपुढे तासभर उभं राहायला हवं. मग शनिवारपर्यंत कडधान्याचा डबा उघडतच नाही. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ती डब्यात तशीच राहतात.

घरी एक प्रयोग करून पाहा. हरभरे पाण्यात टाका आणि दोन-तीन तासांनी एक दाणा सुरीने मधोमध कापा. कडेला ओलसर, मऊ पट्टा दिसेल आणि मध्यभागी खडूसारखा कोरडा ठिपका. पाणी अजून तिथवर पोचलेलंच नाही. याउलट उकळत्या पाण्यातल्या हरभऱ्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता एक-दोन मिनिटांत जाते. दाण्यातून उष्णता पाण्यापेक्षा शेकडो पटींनी वेगाने सरकते. म्हणजे न भिजवलेलं कडधान्य शेगडीवर ठेवलं की दाणा गरम होऊन बसतो आणि उरलेला वेळ आपण गॅस जाळत पाण्याची वाट पाहतो. तीच वाट रात्री झोपेत पाहिली, तर तिला आपला वेळ लागत नाही.

आता शिजणं म्हणजे नेमकं काय? इथे मला आवरणं कठीण आहे. कडधान्याचा दाणा म्हणजे स्टार्चने भरलेल्या पेशींची भिंत, आणि या विटांमधला चुना म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली ज्याने धरते तेच हे पेक्टिन. त्याच्या लांब साखळ्यांना कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) मध्येमध्ये टाचून ठेवतात. गरम पाण्यात या साखळ्या तुटतात (याला बीटा-एलिमिनेशन म्हणतात), चुना विरघळतो आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. शिजलेला वाल बोटांत चुरडला की जी बारीक रवाळ कणी लागते, त्या बहुतेक अख्ख्या पेशी असतात. स्टार्च अजून आतच असतो, म्हणून उसळीतली साखर रक्तात सावकाश उतरते.

या साखळ्या आम्लात तुटायला फार कुरकुर करतात; सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास तर सर्वांत जास्त. आई म्हणायची, “चिंच आत्ताच नको घालूस, डाळ अडून बसेल,” ते शंभर टक्के खरं. पुरणात गूळ डाळ शिजल्यावरच पडतो तोही याच न्यायाने. गुळात साखरेबरोबर कॅल्शियमही असतं, म्हणजे टाचण्या आणखी वाढतात. बोअरच्या जड पाण्यात डाळ रेंगाळते ती याच टाचण्यांमुळे. सोड्याने उलट होतं. चिमूटभर टाकला की साखळ्या पटापट तुटतात, पण ब-१ जीवनसत्त्वही बरंचसं जातं. त्यापेक्षा भिजवतानाच लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालावं. सोडियम जाऊन कॅल्शियमच्या जागा पटकावतो. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. पोटात वायू धरणारी थोडी साखरही त्याबरोबर जाते.

दमट, गरम कपाटात वर्षभर राहिलेले वाल का शिजत नाहीत, त्याचं उत्तरही इथेच आहे. ताज्या दाण्यात बरंचसं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फायटेट या फॉस्फरसच्या संयुगाने धरून ठेवलेलं असतं. साठवणीत एक विकर (एन्झाइम) हळूहळू फायटेट मोडतं, हे आयन मोकळे सुटतात आणि थेट पेक्टिनला जाऊन चिकटतात. म्हणून कडधान्य भरताना सहा महिन्यांचं नको, महिन्या-दोन महिन्यांचं घ्यावं.

मग कुकर. शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दहा अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ हिशोब धरला तर वीस अंशांना चौपट, म्हणजे तासाचं काम पंधरा मिनिटांत. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये असं भांडं केलं ते हाडं मऊ करायला. शिट्ट्या मोजण्यात मात्र अर्थ नाही. मोठ्या आचेवर त्या भराभर होतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावायचं.

माझं वेळापत्रक असं: रात्री दात घासायला जाताना मटकी पाण्यात, सकाळी निथळून फडक्यात, संध्याकाळी दार उघडेपर्यंत मोड. उन्हाळ्यात दहा तासांपुढे पाणी आंबूस होतं, तेव्हा भांडं फ्रीजमध्ये. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस राहते आणि पाच-सात मिनिटांत शिजते. राजमा मात्र खळखळून उकळायलाच हवा. त्यातलं एक विषारी प्रथिन कोमट शिजवण्याने जात नाही.

तरी सकाळी पातेल्यात दोन-तीन दाणे रात्री होते तेवढेच, टणक असतात. ते गणंग. त्यांच्या सालीतून पाणी शिरतच नाही. शेंगवर्गातल्या काही बियांच्या नाभीची, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते त्या जागेची, खाच एकतर्फी झडपेसारखी वागते, हे १९५४ मध्ये दाखवलं गेलं. कोरड्या हवेत ती उघडून आतली ओल बाहेर सोडते, दमट हवेत मिटून जाते. रानात अशी बी वर्षानुवर्षं तग धरते. आपल्या दाताखाली मात्र ती कट्कन वाजते, म्हणून मी गणंग वेचून गॅलरीतल्या कुंडीत टाकते. गेल्या श्रावणात त्यातला एक उगवला होता.