आयात केलेला कुत्र्यांचा खाऊ : २००७ पासून न सुटलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

चिकन जर्की (कोंबडीच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या), चिकन स्ट्रिप, वाळवलेले डुकराचे कान, कातड्याची गाठ मारलेली हाडं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हा माल आता पणजी-मडगावपुरता राहिलेला नाही. बराचसा आयात केलेला असतो. शिवाय दुबई-कुवेतहून किंवा लंडन-लिस्बनहून सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगांतूनही पाकिटं घरोघर पोचतात. या खाऊबद्दल पशुवैद्यकांना काळजी का वाटते, हे समजायचं तर २००७ सालापासून सुरुवात करावी लागते.

१६ मार्च २००७ रोजी मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या ओल्या अन्नाचे ६ कोटींहून अधिक डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हाच्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लॅस्टिक उद्योगातलं रसायन निघालं होतं. ते मिसळण्यामागे साधा हिशेब होता. प्रथिनं मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत प्रथिन थेट मोजलं जात नाही. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणतात. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे चिमूटभर भुकटीनेही कागदावरची प्रथिनं चढतात. एकटं मेलामाइन फारसं विषारी नाही. पण सोबत सायन्युरिक आम्ल असलं की दोघांचे न विरघळणारे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच भेसळ बाळांच्या दुधाच्या भुकटीत सापडली. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली. जनावरांच्या ताटात दिसलेली खूण वेळीच गांभीर्याने घेतली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

मेलामाइनचं कोडं मात्र सुटलं. पदार्थ सापडला, कारण कळलं, चाचणी ठरली. जर्कीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, चीनमधून येणाऱ्या चिकन जर्कीबद्दल पहिला इशारा सप्टेंबर २००७ मध्ये दिला, मग डिसेंबर २००८ आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पुन्हा. ऑक्टोबर २०१३ पर्यंत ३,६०० कुत्रे आणि १० मांजरं आजारी पडल्याच्या नोंदी झाल्या होत्या, सुमारे ५८० प्राणी दगावले होते. २०१५च्या अखेरीस तक्रारी ५,२०० आणि आजारी कुत्रे ६,२०० च्या वर गेले. त्यांतले १,१४० हून अधिक मेले. ३ माणसंही त्या यादीत आहेत. हे आकडे मालकांनी आणि डॉक्टरांनी कळवलेल्या संशयित प्रकरणांचे आहेत. प्रत्येक मृत्यू जर्कीनेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. तक्रारींपैकी सुमारे ६० टक्के पोटाच्या होत्या, ३० टक्के मूत्रपिंडाच्या किंवा लघवीच्या, उरलेल्यांत झटके, कंप, अंगावर गांधी.

पशुवैद्यक चक्रावले ते त्या ३० टक्क्यांनी. त्यांतल्या काही कुत्र्यांना फॅन्कोनी सिंड्रोम निघाला. मूत्रपिंडाच्या नळीचा सुरुवातीचा भाग रक्तातून गाळलेली साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट परत शोषून घेतो. या आजारात तेच काम थांबतं आणि सगळं लघवीवाटे वाहून जातं. एरवी तो बसेंजी जातीच्या कुत्र्यांत आनुवंशिक दिसतो. या तक्रारींत मात्र लहान चणीच्या वेगवेगळ्या जातींत दिसू लागला आणि सर्वांच्या आहारात एकच गोष्ट सामाईक होती. ऑस्ट्रेलियात २००७ ते २००९ या काळातल्या अशा १०८ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही सुकवलेल्या चिकनचाच खाऊ होता आणि तिथेही नेमकं विष हाती लागलं नाही.

शोध कमी पडला असं म्हणता येणार नाही. साल्मोनेला हा जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं, बुरशीची विषं, उंदीर मारायची औषधं, मेलामाइन, इथिलीन ग्लायकॉल, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, सगळं तपासलं गेलं. संशय ग्लिसरिनवरही होता. जर्की लवचीक राहावी आणि तिच्यातलं पाणी जिवाणूंच्या हाती लागू नये म्हणून ते घालतात. २०१२ मध्ये एफडीएचे निरीक्षक चीनमधल्या कारखान्यांत गेले तेव्हा एका ठिकाणी ग्लिसरिनच्या आवकीचे कागद खोटे निघाले. कागद खोटे निघाल्यावर पुढची चाचणी कशाची करायची हेच कळत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कृषी विभागाला जर्कीत सल्फाक्लोझीन, टिल्मिकोसिन, ट्रायमेथोप्रिम, एन्रोफ्लोक्सासिन अशा प्रतिजैविकांचे अंश सापडले आणि दोन मोठ्या कंपन्यांनी माल मागे घेतला. अंश इतके थोडे होते की आजार त्यांनी झाला असं एफडीएने मानलं नाही. तरी पाकिटं दुकानांतून गेली आणि तक्रारींचा ओघ बराच कमी झाला. कारण न सापडताही खाऊ आणि आजार यांच्या संबंधाचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही.

जर्कीचं गणितही ध्यानात घ्यावं लागतं. कच्च्या चिकनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणून एक किलो जर्कीला तीन किलोच्या आसपास चिकन लागतं. पाण्याबरोबर उडून न जाणारा जो काही अंश मांसात असेल तो वाळवल्यावर तिप्पट दाट होतो. पाच किलोच्या पॉमेरेनियनने दिवसात ५० ग्रॅम जर्की खाल्ली तर ते दीडशे ग्रॅम चिकन झालं, आणि लहान कुत्र्यांनाच हा आजार जास्त का झाला याचं एक उत्तर तिथे असू शकतं. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा हा नेहमीचा नियम आहे. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ३७० किलोकॅलरी लागतात. जर्कीच्या ग्रॅमला साधारण ३ किलोकॅलरी धरल्या तर वाट्याला येतात सुमारे १२ ग्रॅम.

सीमेवर केलेला उपायही कधी अंगाशी येतो. ऑस्ट्रेलियात कॅनडाहून आलेलं मांजरांचं एक कोरडं अन्न रोगप्रतिबंधासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जात होतं. २००८ मध्ये ते खाणाऱ्या मांजरांचे मागचे पाय लुळे पडू लागले. कुत्र्यांना तसं झालं नाही. २००९ मध्ये तिथल्या सरकारने मांजरांच्या अन्नावरचा हा उपचार थांबवला.

इतर प्रकारच्या खाऊचा इतिहास वेगळा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांतून औषधांना न जुमानणारा साल्मोनेला पसरला आणि ३४ राज्यांत १५४ माणसं आजारी पडली. काही कान अर्जेंटिना, ब्राझील आणि कोलंबियाहून आलेले होते. कुत्रा ठणठणीत राहतो आणि कान हाताळून तसेच हात तोंडात घालणारं मूल आजारी पडतं, ही यातली खरी अडचण. कातड्याच्या हाडांबाबत २०१७ मध्ये एका कंपनीला माल परत घ्यावा लागला, कारण परदेशातल्या काही कारखान्यांत भांडी-यंत्रं धुवायचं चतुर्थक अमोनियमचं जंतुनाशक थेट कातड्यावर वापरलं जात होतं. रसायन बाजूला ठेवलं तरी कातडं पोटात फुगतं. अख्खा तुकडा गिळणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात ते अडकतं.

आता आपल्याकडचे कायदे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्नाची जी व्याख्या आहे तिच्यातून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. म्हणून गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जर्कीची तक्रार नेली तर ती त्यांच्या कक्षेत बसत नाही. आयातीवर अंकुश आहे तो १८९८च्या पशुधन आयात कायद्याचा. त्यात २००१ मध्ये दुरुस्ती होऊन पशुजन्य पदार्थ आले आणि परवान्याची अट लागू झाली. आयातदाराला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाकडून परवाना आणि निर्यातदार देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. माल उतरल्यावर अलगीकरण केंद्र कागद पाहतं आणि लागल्यास नमुने घेतं. ही केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत, गोव्यात नाही. गोव्याच्या दुकानात कायदेशीर आयात माल येतो तो आधी अशा एखाद्या शहरात उतरून, मग रस्त्याने. बॅगेतून आलेलं पाकीट या वाटेने गेलेलंच नसतं.

ही व्यवस्था उभी राहिली ती मुळात जनावरांच्या साथी रोखायला. बर्ड फ्लूवरून भारताने घातलेल्या आयातबंदीवर अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. वादात कोंबडीच्या मांसाबरोबर पाळीव प्राण्यांचं अन्नही होतं. पण भांडण विषाणूचं होतं. मूत्रपिंडाला अपाय करणारा अनोळखी पदार्थ अडवायला ती चाळणी बनवलेलीच नाही. कुत्र्या-मांजरांच्या अन्नासाठी भारतीय मानक आहे, आयएस ११९६८, पण ते ऐच्छिक. युरोपात विकल्या जाणाऱ्या चघळायच्या हाडांच्या प्रत्येक खेपेतल्या पाच नमुन्यांत २५ ग्रॅममागे साल्मोनेला अजिबात चालत नाही. भारतातले कारखाने या अटी पाळून तिकडे माल पाठवतातही. इथल्या गिऱ्हाइकाला तशी सक्तीची हमी नाही, आणि हे बदलायला हवं.

तोवर हाती राहतं ते लेबल. वैधमापन, म्हणजे वजन-मापाच्या, नियमांनुसार आयात पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. बहुधा हे वेगळ्या चिकटवलेल्या पट्टीवर असतं. पट्टीच नसेल तर माल कुठल्या वाटेने आला ते विचारावं. मोठं पोतं फोडून साध्या पिशव्यांत भरलेला खाऊ तर घेऊच नये. त्याचा बॅच क्रमांक हरवलेला असतो, आणि पावसाळ्यात तो हवेतला ओलावाही ओढतो. कोरडा खाऊ टिकतो तो पाणी कमी म्हणून. ओलावा परत चढला की आधी बुरशी धरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छोटी पाकिटं घ्यावीत, उघडल्यावर मूळ पाकिटासकट हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये ठेवावीत. दुसऱ्या डब्यात ओतून पाकीट फेकलं तर पुढे तक्रारीला काहीच उरत नाही.

गोव्यात या आजाराची शंका उशिरा येते, याला इथलं हवामानही कारण आहे. कुत्रा पाणी जास्त पितो, सारखी लघवी करतो, खात नाही, ओकतो म्हटलं की पावसाळ्यात डॉक्टर आधी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराचा) विचार करतात, मग गोचिडतापाचा. ते बरोबरच आहे. पण लेप्टोमध्येही मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीत साखर उतरू शकते, म्हणून खाऊबद्दल कोणी विचारलं नाही तर फॅन्कोनी त्याच नावाखाली निघून जातो. दुसरी चूक मधुमेहाची. लघवीत साखर दिसली म्हणून रक्त न तपासता इन्सुलिन दिलं तर जीव धोक्यात येतो. फॅन्कोनीत लघवीत साखर असते आणि रक्तातली साखर नेहमीइतकी. कुत्र्याच्या रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० ते २२० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय निरोगी मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळी करायच्या.

लघवीची तपासणी घरीही होते. फार्मसीत मिळणारी साखर दाखवणारी पट्टी चालते. सकाळची पहिली लघवी धार सुरू झाल्यावर स्वच्छ, कोरड्या, बसक्या भांड्यात धरावी, अर्ध्या तासात पट्टी बुडवावी आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच रंग जुळवावा. उशिरा पाहिलेला रंग फसवतो. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर, तर पट्टीची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावं. खाऊ त्याच दिवशी बंद करावा. लवकर पकडलेले बरेच कुत्रे सावरतात, पण लघवीतली साखर आठवडे किंवा महिने रेंगाळू शकते.

घरी वाळवण करणाऱ्यांसाठी एक सूचना. मे महिन्यात सुंगटं (कोळंबी) वाळतात तसं उन्हात चिकन वाळवू नये. चिकनच्या पट्ट्या मंद वाळताना जिवाणू वाढायच्या तापमानात तासन्‌तास राहतात. पाव सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या आधी उकडून किंवा ओव्हनमध्ये आतून ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापवाव्यात, मग ६० अंशांवर कडक होईपर्यंत वाळवाव्यात. मीठ, कांदा, लसूण नको. ग्लिसरिन नसल्यामुळे हा खाऊ बाहेर टिकणार नाही. आठवड्याचा फ्रीजमध्ये आणि उरलेला फ्रीझरमध्ये ठेवावा.

आयात खाऊवर शंका असेल तर उरलेला खाऊ पाकिटासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाकावा. बॅच क्रमांकाचा आणि आयातदाराच्या पट्टीचा फोटो, खरेदीची पावती, खाऊ सुरू केल्याची तारीख आणि रोजचं प्रमाण लिहून हे सगळं डॉक्टरांच्या केस पेपरला जोडावं. लेबलात खोट असेल तर तक्रार राज्याच्या वैधमापन खात्याकडे जाते, ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, आणि आजाराची माहिती डॉक्टरांमार्फत पशुसंवर्धन खात्याकडे. एकाच बॅचच्या तीन-चार तक्रारी एका टेबलावर आल्या तरच नमुना प्रयोगशाळेत पाठवायला कोणाकडे तरी आधार असतो.