कार्टर फॅमिली दोन होत्या. आधी साराचा आवाज शोधा

जून कार्टर ही कार्टर घराण्यातली मुलगी, हे खरं. जून कार्टरने १९२७ साली ब्रिस्टलला पहिली गाणी रेकॉर्ड केली, हे साफ चूक. तिचा जन्मच १९२९चा. एवढी एक तारीख पाहिली तरी निम्मा घोळ मिटायला हवा. पण अमेरिकन कंट्री संगीतावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात ही चूक मला इतक्यांदा भेटली आहे की आता एकदाचं नीट लिहायचं ठरवलं. ‘कार्टर फॅमिली’ या एका नावाने दोन वेगळे संच गायले. काळ वेगळा, वाद्यं वेगळी, गाण्याचा बाजही वेगळा. दोन्हीकडे असलेली बाई मात्र एकच, मेबेल, आणि सगळा गोंधळ तिच्यापायी होतो.

दुसरा संच तुम्हाला कंट्री गायक जॉनी कॅशमुळे माहीत असणार. मदर मेबेल आणि तिच्या तीन मुली: हेलन, जून, अ‍ॅनिटा. १९५० पासून नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या कंट्री कार्यक्रमात, साठच्या दशकात कॅशबरोबर दौऱ्यांवर, आणि १९६८ साली जून-कॅशचं लग्न. जूनने मर्ल किलगोरबरोबर लिहिलेलं ‘रिंग ऑफ फायर’ आधी अ‍ॅनिटाने रेकॉर्ड केलं आणि १९६३ साली कॅशने गाजवलं. हे सगळं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही.

पहिला संच तिघांचा. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा, आणि ए. पीं.चा धाकटा भाऊ एझ्रा याची बायको मेबेल. म्हणजे सारा आणि मेबेल या जावा. शिवाय लग्नाच्या आधीपासून नात्याने बहिणी. जून ही मेबेल आणि एझ्राची मुलगी, म्हणजे ए. पीं.ची पुतणी. तिला ‘ए. पी. आणि साराची मुलगी’ म्हटलेलं मी मराठीतच वाचलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. जाऊ, पुतणी, चुलती असे नेमके शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्यात तरी ही चूक होऊ नये. ए. पी. आणि साराची मुलं तीन: ग्लॅडिस, जॅनेट आणि जो.

हे लोक व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले, क्लिंच डोंगराच्या पायथ्याच्या पूअर व्हॅलीतले. १९२७च्या जुलैअखेर व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी नवे गायक शोधणारा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगची यंत्रं मांडून बसला होता. ब्रिस्टल अर्धं टेनेसीत, अर्धं व्हर्जिनियात. गावच्या मुख्य रस्त्याच्या मधून राज्याची सीमा जाते. १ आणि २ ऑगस्टला या तिघांनी तिथे सहा गाणी रेकॉर्ड केली. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्याच ठिकाणी कंट्रीचा पुढचा मोठा तारा जिमी रॉजर्स गायला. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. हेलनचा जन्म त्याच सप्टेंबरातला. म्हणजे दुसऱ्या संचातली थोरली बहीण पहिल्या संचाच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी आईच्या पोटात होती.

तिथून १९४१ पर्यंत तिघांनी अडीचशेहून अधिक गाणी रेकॉर्ड केली. मधल्या काळात सारा घर सोडून गेली, १९३६ साली घटस्फोट झाला, १९३९ मध्ये तिने कोय बेजशी लग्न केलं. तरी गाणं चालूच राहिलं. १९४३ मध्ये मात्र सारा कॅलिफोर्नियाला गेली आणि संच संपला.

आता लोक जिथे हमखास घसरतात तिथे येते.

सारा गेल्यावर मेबेलने तीन मुलींना घेऊन रिचमंडच्या रेडिओवर नवा संच उभा केला. त्याचं नाव ‘कार्टर फॅमिली’ नव्हतं. ‘मदर मेबेल अँड द कार्टर सिस्टर्स’ असं काहीसं नाव पुढची सतरा-एक वर्षं चाललं. रिचमंडनंतर नॉक्सव्हिल, मग मिझुरीतलं स्प्रिंगफील्ड, मग नॅशव्हिल, असा त्यांचा प्रवास या नावानेच झाला. नॉक्सव्हिलला तरुण चेट अ‍ॅटकिन्स गिटारवर त्यांना येऊन मिळाला. ए. पी. हयात असेपर्यंत घराण्याचं मूळ नाव मेबेलने घेतलं नाही. पन्नासच्या दशकात ए. पी. आणि सारा जॅनेट-जो या मुलांना घेऊन पुन्हा थोडं गायले, अ‍ॅक्मे नावाच्या छोट्या कंपनीसाठी. पण त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. ७ नोव्हेंबर १९६० रोजी ए. पी. गेले. त्यानंतर मेबेल आणि मुली ‘कार्टर फॅमिली’ या नावाने गाऊ लागल्या.

त्यामुळे १९६०च्या पुढच्या रेकॉर्डवर ‘कार्टर फॅमिली’ छापलेलं असलं, तर त्या या चौघी. १९४१च्या आतल्या रेकॉर्डवर छापलेलं असलं, तर ते तिघे. मी वापरते त्या गाण्याच्या अ‍ॅपवर दोन्ही एकाच चित्राखाली येतात: चित्र तिघांचं आणि खाली वाजतं ते चौघींचं. नवा ऐकणारा तिथेच फसतो. त्याला दोष देता येत नाही.

या गोंधळाला खऱ्याचा एक अंशही आहे, तो न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. १९३८ पासून हे तिघे टेक्सासच्या सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या एक्सईआरए या केंद्रावरून गात. अमेरिकेत रेडिओकेंद्राला पन्नास हजार वॅटची मर्यादा होती. हे केंद्र पाच लाख वॅटचं, त्यामुळे आवाज कॅनडापर्यंत जाई. ते चालवणारा जॉन ब्रिंक्ली बोकडाच्या ग्रंथी माणसाला बसवण्याच्या शस्त्रक्रियांमुळे कुप्रसिद्ध झालेला. या कार्यक्रमांत घरातली मुलंही गायला लागली. जून, हेलन, अ‍ॅनिटा, जॅनेट, सगळ्या. म्हणून ‘जून लहानपणी मूळ संचाबरोबर रेडिओवर गायली’ हे वाक्य बरोबर आहे. ‘जून मूळ संचाची गायिका’ हे चूक. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने १९७० साली ज्यांना मान दिला तेही ए. पी., सारा आणि मेबेल हे तिघेच.

तारखा विसरल्या तरी चालतील, कान विसरू नका. आणि कानाने ओळखायचं तर मेबेलची गिटार शोधू नका. सगळे तीच शोधतात, कारण कार्टर फॅमिलीवरच्या प्रत्येक लेखात तिच्या अंगठ्याचं कौतुक असतं. ते कौतुक रास्त आहे. ती अंगठ्यातल्या नखीने वरच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवते आणि त्याच वेळी तर्जनीने खालच्या बारीक तारांवर खालीवर झाडत ठेका धरते. एकाच हातात सूर आणि लय दोन्ही. गिटार तोवर बहुतेक ठिकाणी मागे बसून ठोका देणारं वाद्य होती. मेबेलने तिला पुढे आणून बसवलं. पण हा अंगठा दोन्ही संचांत आहे! दोन संचांत जे समान आहे, त्याच्यावरून फरक कसा कळणार?

फरक साराच्या आवाजात आहे. पहिल्या संचात मुख्य गाणारी ती. आवाज खालच्या पट्टीतला, सरळ, कुठेही लाडिकपणा नाही. दुःखाची ओळ ती रडवेली करत नाही. जसं घडलं तसं सांगून पुढे जाते. १९२८चं ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ लावा. गिटारची चाल संपते, साराचा आवाज येतो, आणि एकही स्वर उगाच लांबत नाही. इतर गाण्यांत ए. पीं.चा खर्ज मधूनच येतो आणि मधूनच नाहीसा होतो. त्यांना वाटेल तेव्हा ते गात. ढोल नाही, फिडल नाही, बास नाही. दोन वाद्यं, दोन-तीन गळे.

दुसऱ्या संचात तीन सख्ख्या बहिणींचे गळे एकमेकांत घट्ट विणलेले ऐकू येतात आणि त्यावर अ‍ॅनिटाचा उंच, स्वच्छ सूर तरंगतो. हेलन अ‍ॅकॉर्डियन वाजवते, अ‍ॅनिटा उभा बास. जून विनोदी प्रवेश करून प्रेक्षकांना हसवते. हे रंगमंचासाठी बांधलेलं गाणं आहे, आणि उत्तम आहे. मला पहिला संच जास्त प्रिय आहे, हे लपवत नाही. पण अ‍ॅनिटासारखा गळा पहिल्या संचाकडे नव्हता, हेही तितकंच मनापासून सांगते.

ऑटोहार्प पाहिलीत तर एका नजरेत संच ओळखता येतो. आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं वाद्य, फक्त तारांवर आडव्या पट्ट्या असतात. पट्टी दाबली की तिच्या खालचे नमद्याचे तुकडे नको त्या तारा मुक्या करतात आणि हव्या तेवढ्याच वाजतात. सारा ती मांडीवर आडवी ठेवून नुसती स्वरसंगत देई. मेबेलने पुढे तीच उचलून छातीशी उभी धरली आणि तिच्यावर पूर्ण चाल वाजवू लागली. म्हणून उभी ऑटोहार्प दिसली तर तो फोटो नंतरचा.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. यांना ब्लूग्रास म्हणू नका. तो बाज बिल मनरोच्या संचाने चाळीसच्या दशकात घडवला. लोकगीत की कंट्री, या वादात मी पडत नाही. त्या काळी डोंगरातल्या माणसाला हे दोन कप्पे ठाऊकच नव्हते.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. प्रत्येक गाण्याखाली ‘संगीतकार: ए. पी. कार्टर’ असं डोळे मिटून लिहिलं जातं. ए. पी. गावोगाव हिंडून गाणी गोळा करत, त्यांना नवं रूप देत, आणि पीअरच्या व्यवस्थेत हक्क त्यांच्या नावाने नोंदले जात. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ १८६०च्या एका छापील गाण्यातून आलेलं. ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ त्यांनी १९३५ साली रेकॉर्ड केलं, ते १९०७च्या एका ख्रिस्ती भजनावरून. पण आईच्या अंत्ययात्रेची कडवी त्यांच्या रूपातली. मूळ भजन ‘विल’ने सुरू होतं, यांचं ‘कॅन’ने. नंतरच्या गायकांनी कडवी यांची घेतली आणि नाव भजनाचं ठेवलं. या भटकंतीत ए. पीं.बरोबर लेस्ली रिडल नावाचा किंग्सपोर्टचा काळा गिटारवादक असे. ए. पी. शब्द टिपून घेत, रिडल चाल डोक्यात साठवून आणी. मेबेलनेही त्याच्याकडून गिटारचं बरंच काही घेतलं. दोन्ही संचांवर लिहिणाऱ्यांनी त्याचं नाव गाळू नये, ही माझी कळकळीची विनंती.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘कीप ऑन द सनी साइड’ दोनदा ऐका. आधी १९२८चं, साराच्या आवाजातलं. मग १९७२चं, निटी ग्रिटी डर्ट बँडच्या तीन रेकॉर्डांच्या अल्बममधलं. त्यात पोरसवदा वादकांच्या मधोमध बसून साठी ओलांडलेली मेबेल तेच गाते. गाणं तेच. पण सारा नाही, आणि ती नसणं पहिल्याच ओळीत कळतं.

१९६७ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात या दोघी जावा पुन्हा एकत्र गायल्या. मेबेल १९७८च्या ऑक्टोबरात गेली, सारा १९७९च्या जानेवारीत. सारा छत्तीस वर्षं कॅलिफोर्नियात राहिली, पण तिला आणून पुरलं ते पूअर व्हॅलीत, ए. पी. आहेत त्याच दफनभूमीत. मेबेलची कबर टेनेसीत हेंडरसनव्हिलला आहे. हेलन, जून आणि अ‍ॅनिटाही तिथेच आहेत.