वीट तापवायची कोणी?

पाळीत ओटीपोटात कळा यायला लागल्या की वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी एक वीट चुलीत जायची. तापली की चिमट्याने बाहेर काढायची, जुन्या लुगड्याच्या तीन-चार घड्यांत गुंडाळायची, तळहाताने अंदाज घ्यायचा आणि मग पोटावर. वीट नसली तर तव्यावर भाजलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी, नाहीतर तेल लावून विस्तवावर धरलेलं एरंडाचं पान. सोबत ओवा, सुंठ आणि गुळाचा काढा. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही आजीला विचारा, थोड्याफार फरकाने हीच यादी निघेल.

यात गोम एकच. जिला ती वीट हवी, तिला चुलीला शिवायची मुभा नव्हती. कावळा शिवला म्हणजे तीन दिवस पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. विस्तव मात्र स्वयंपाकघरात. म्हणजे शेक मिळणार की नाही, हे सासूच्या नाहीतर जावेच्या मर्जीवर. आमच्या आजीला तिच्या सासूने वीट कधी दिली नाही. थोरली जाऊ राखेच्या पाटीत झाकून आणायची, पण हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवून मागे सरायची. आजीने मग पुढे होऊन ती उचलायची. हे सांगताना आजीला हसू यायचं, मला नाही.

‘तेवढीच बाईला विश्रांती’ असं या प्रथेचं समर्थन आजही ऐकू येतं. शेतकऱ्याच्या घरात कसली विश्रांती? चूल बंद, पण भांगलण, जळण, शेणघाण चालूच. देवाला न चालणारी बाई रानाला बरोबर चालायची.

बोलीतही तेच दिसतं. बाहेरची, कडेला बसलेली, अडचण, विटाळ असे शब्द अलग बसण्यासाठी ढीगभर. दुखण्याला मात्र ‘पोट दुखतंय’ एवढंच. त्यावर उत्तर ठरलेलं: लग्न झालं की थांबेल, आणि लग्न झाल्यावर, एक बाळंतपण झालं की थांबेल. (दुसरं अगदीच खोटं नाही, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं. पण तोवर काय करायचं?) ग्रंथांत मात्र या दुखण्याला नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदं, म्हणजे बायकांचे आजार, सांगितली आहेत, त्यांतली एक उदावर्तिनी. खाली जाणारा वायू उलटा फिरतो म्हणून कळा येतात आणि रक्त मोकळं झालं की लगेच बरं वाटतं, असं तिचं वर्णन. उपाय म्हणून स्नेहन, स्वेदन, बस्ती (एनिमा). म्हणजे तेल आणि शेक आलेच. वायूचं सोडा, पण पाळीच्या तोंडावर कळ आणि रक्त सुटल्यावर आराम, हे ज्याने टिपलं त्याने बायकांचं नीट ऐकून घेतलं असणार.

कळा येतात कशाने, हे कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये पिकल्स या संशोधकाला पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा पदार्थ सापडला. त्यात प्रोस्टाग्लँडिनं होती. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ती तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतो, रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. त्या दिवसांत जुलाब नि मळमळ होते, तीही त्यांच्यामुळेच. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनं तयारच होऊ देत नाहीत. या कामासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. गोळी कळा टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त लागू पडते, त्याचं कारण इथे आहे.

विटेची परीक्षा त्याहून उशिरा झाली. २००१ मध्ये अमेरिकेत ३९ अंशांच्या आसपास ऊब देणारी पट्टी पोटावर दिवसाला बारा तास बांधून पाहिली, तर तिने आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या बरोबरीने आराम दिला. सुंठेचंही तसंच. २००९ च्या एका इराणी अभ्यासात पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत दिवसातून चार वेळा २५० मिलिग्रॅम आल्याची पूड दिली, ती मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली. आल्यासाठी नाव काढणाऱ्या सातारा जिल्ह्याला हे ऐकून बरं वाटेल. सांगलीत राहून हळदीबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांची, हळद ती, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी हळदीचं दूध पाळीच्या कळांवर आल्याइतकं तपासलेलं नाही. गरम दुधाने बरं वाटतं, त्यात दुधाच्या गरमपणाचा वाटा किती, कोण जाणे.

मग रबरी पिशवी आली, मेडिकलात गोळी मिळू लागली आणि शेक कोणाकडे मागावा लागेनासा झाला. तो दारात ठेवून मागे सरणाऱ्या बाईचीही गरज उरली नाही. गोळीलाही तिची पथ्यं आहेतच. उपाशीपोटी नको, अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगावर पुरळ आणि ताप येऊन आतल्या अवयवांना इजा होते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. आणि दर महिन्याला वाढत जाणारं, पाळी संपल्यावरही न थांबणारं दुखणं विटेचं नाही, तपासणीचं असतं.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आमच्या फडांवर येणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. कोपीपुढे, म्हणजे फडावरच्या झोपडीपुढे, तीन दगडांची चूल त्यांची स्वतःची, शिवू नको म्हणणारं कोणी नाही. पण पहाटे कोयता हातात घ्यायचा आणि अंधार पडेतो मोळ्या उचलायच्या, बसलं की खाडा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पोटदुखी, अंगावरून जाणं अशा तक्रारी घेऊन त्यातल्या कित्येकजणी दवाखान्यात गेल्या होत्या. कोपीत वीट तापवायला विस्तव असतो. ती पोटावर धरून अर्धा तास पडायचं, तर मुकादमाला काय सांगायचं?