त्र्यंबकेश्वर : झऱ्यांचे डोंगरी नगर

त्र्यंबकेश्वर हे नाशिक शहराच्या पश्चिमेस सुमारे 28 कि.मी. अंतरावर, ब्रह्मगिरीच्या पूर्व पायथ्याशी वसलेले तीर्थक्षेत्र व तालुक्याचे ठिकाण असून बोलण्यात त्याला नुसते ‘त्र्यंबक’ म्हणतात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असल्याने मंदिराची ख्याती देशभर आहे. परंतु गावाची वस्ती, कुंडे, तळी, घाट आणि अर्थव्यवहार या सर्वांचे मूळ ब्रह्मगिरीतून झिरपणाऱ्या पाण्यात आहे, आणि हे गाव समजून घ्यायचे तर आधी ते पाणी समजून घ्यावे लागते.

सह्याद्रीच्या या भागातील डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे बनलेले आहेत. पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर कोसळणारे पाणी बेसाल्टच्या (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या) भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून खाली उतरते, आणि मध्ये एखादा घट्ट खडक किंवा तांबड्या मातीचा पट्टा आडवा आला की त्यावरून सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पडते. या प्रवासात त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि थोडी सिलिका विरघळते. नाशिक-सिन्नर परिसरातील खाणींत सापडणारे झिओलाइटचे स्फटिकही खडकाच्या पोकळ्यांत शिरलेल्या अशाच खनिजयुक्त पाण्यातून घडले आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा उन्हेरे येथील उन्हाळ्यांप्रमाणे (गरम पाण्याच्या झऱ्यांप्रमाणे) हे झरे गरम मात्र नाहीत. त्र्यंबकचे पाणी थंड आहे.

गोदावरीच्या उगमाविषयीची परंपरा या भूरचनेशी विलक्षण जुळते. नदी प्रथम ब्रह्मगिरीच्या माथ्यावर औदुंबराच्या मुळाशी प्रकटते, तेथे गुप्त होऊन मधल्या कड्यावरील गंगाद्वारी दिसते, पुन्हा लुप्त होते आणि शेवटी गावातील कुशावर्त कुंडात येते, असे सांगितले जाते. गौतम ऋषींनी कुश गवताने तिचा ओघ येथे अडवला म्हणून हे कुशावर्त. सुमारे 700 पायऱ्या चढून गंगाद्वारी पोहोचल्यावर दिसते ते गोमुखातून पडणारे थोडेसे पाणी आणि त्यामागचा ओला, शेवाळलेला कातळ, 1,465 कि.मी. वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नदीचा हा आरंभ पाहून प्रथमच आलेला यात्रेकरू बहुधा स्तब्ध होतो. नदी म्हणून अखंड वाहणारे पात्र पुढे बेझे गावाजवळच्या चक्रतीर्थापासून दिसते. याच डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर वैतरणा उगम पावते आणि तिच्यावरील धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते.

आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतले आणि 1786 मध्ये ते पूर्ण झाले. स्थानिक काळ्या पाषाणातील या वास्तूच्या गाभाऱ्यात उंच शिवलिंग नसून खोलगट जागेत ब्रह्मा, विष्णू व महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, आणि तेथेही आतून सतत पाणी पाझरते. दर सोमवारी देवाच्या पंचमुखी मुखवट्याची पालखी कुशावर्तावर स्नानासाठी नेली जाते. संत ज्ञानेश्वरांचे वडील बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी येथे असल्याने शैव क्षेत्र असलेले हे गाव वारकऱ्यांचेही आहे, आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेला दिंड्यांनी रस्ते भरून जातात. डोंगरावरील त्र्यंबकगड 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला; 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

गावातील जीवन यात्रेच्या पंचांगाने चालते. नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध आदी विधींसाठी आलेली कुटुंबे अनेकदा तीर्थपुरोहितांच्याच घरी उतरतात व जेवतात. पुरोहितांकडच्या नामावळीच्या वह्या हा येथील अनमोल ठेवा आहे: गाव व आडनाव सांगितले की गुरुजी नेमकी वही काढतात आणि यजमानाला पणजोबाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ, कधी मोडीत, वाचायला मिळते. या वह्यांचे जतन मंदिराच्या दगडांइतक्याच काळजीने व्हायला हवे. आसपासच्या पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर व कोकणा समाजांची वस्ती असून भात, नागली व वरई ही त्यांची मुख्य पिके आहेत.

याच पाणीदार डोंगरावर वैशाखात टंचाई असते, आणि ब्रह्मगिरीवरील मेटांतल्या (डोंगरावरील छोट्या वस्त्यांतल्या) बायकांना तळ गाठलेल्या विहिरींत उतरून हंडे भरावे लागतात. बेसाल्ट पाणी फार काळ धरून ठेवत नाही. त्यात झाडी विरळ झाली, पायथ्याशी डोंगर पोखरला गेला आणि गावातून वाहणाऱ्या गोदावरीचे पात्र काँक्रीटखाली झाकले गेले. सिंहस्थात शैव आखाडे कुशावर्तात शाहीस्नान करतात (वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकच्या रामकुंडावर होते), तेव्हा या लहानशा गावाच्या पाण्यावर व सांडपाण्याच्या व्यवस्थेवर पडणारा भार प्रचंड असतो. मागील सिंहस्थ 2015 मध्ये झाला. पुढील 2026-27 मध्ये आहे. त्याच्या तयारीत रस्ते व घाटांइतकेच लक्ष झऱ्यांच्या पाणलोटाकडे दिले जाणे अत्यावश्यक आहे.

नाशिकहून एस.टी. व शहर बससेवेने तासाभरात त्र्यंबकला पोहोचता येते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी टाळून गंगाद्वार व माथा निवांत पाहायचा असल्यास दिवाळीनंतरचे काही आठवडे उत्तम होत: झरे तेव्हा वाहते असतात, पायऱ्यांवरचे शेवाळ वाळलेले असते आणि खालच्या खाचरांत भाताची कापणी चाललेली दिसते.