निवडणुकीतील परकीय हस्तक्षेप

एखाद्या देशातील निवडणुकीचा निकाल आपल्याला अनुकूल लागावा म्हणून दुसऱ्या देशाच्या सरकारने, किंवा त्याच्या वतीने इतरांनी, हेतुपुरस्सर केलेल्या प्रयत्नांस निवडणुकीतील परकीय हस्तक्षेप म्हणतात. पक्षाला पैसा पुरविणे, बनावट कागदपत्रे पसरविणे, मदतीचे आमिष किंवा धमकी आणि अलीकडे समाजमाध्यमांवरील खोटी खाती ही त्याची परिचित साधने होत. मतमोजणीच्या यंत्रणेतील ढवळाढवळ हा निराळा विषय असून येथे मतदाराच्या मनावर आणल्या जाणाऱ्या प्रभावाचाच विचार केला आहे.

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक पोलंड-लिथुएनियातील राजांच्या निवडणुकांपर्यंत (१५७३–१७६४) मागे जातात. तेथे परक्या दरबारांचा पैसा सरदारांत वाटला जाई. १७६४ मध्ये तर रशियन फौजांच्या छायेत रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या मर्जीतील स्तानिस्लाव पोन्यातोव्स्की निवडून आला. परंतु तेथील मताधिकार उमराव वर्गापुरता होता आणि लष्करी दडपणही उघड होते. त्यामुळे हे उदाहरण राजगादीच्या राजकारणात मोडते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आधुनिक अर्थाने पहिल्या उदाहरणांत १७९६ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक धरावी लागते. फ्रान्सचा राजनैतिक प्रतिनिधी प्येअर आदे याने अमेरिकन सरकारला लिहिलेली तक्रारपत्रे फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ या वृत्तपत्रात छापून आणली. जेफरसन निवडून यावा हा त्यामागचा उद्देश होता; प्रत्यक्षात जॉन ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ निर्वाचक-मतांनी विजयी झाला.

परिणाम मोजणे किती अवघड असते, हे ब्रिटनमधील ‘झिनोव्हिएव्ह पत्रा’वरून दिसते. २९ ऑक्टोबर १९२४ च्या मतदानाच्या चारच दिवस आधी ‘डेली मेल’ने ते छापले. कोमिन्टर्न या मॉस्कोस्थित आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचा प्रमुख ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह ब्रिटिश कम्युनिस्टांना चळवळीसाठी चिथावतो आहे, असा त्याचा आशय होता. पत्र बनावट होते, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. ते रचले कोणी याबद्दल मात्र खात्रीने सांगता येत नाही. पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या, म्हणून पराभवाचे खापर बराच काळ या पत्रावर फुटले. पण त्या पक्षाची एकूण मते सुमारे दहा लाखांनी वाढली होती आणि खरी पडझड उदारमतवादी पक्षाची झाली होती. पत्राने निकाल फिरविला, हे मत त्यामुळे स्वीकारणे कठीण आहे.

शीतयुद्धात हा प्रकार नित्याचा झाला. इटलीतील एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत अमेरिकेने ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना गुप्तपणे पैसा दिला, तर सोव्हिएट संघाने कम्युनिस्टांना. कम्युनिस्ट जिंकल्यास अमेरिकेची मदत थांबेल, असे अमेरिकन परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी जाहीर केले. अमेरिकेतील इटालियन कुटुंबांनी गावाकडच्या नातलगांना पत्रे पाठवावीत, अशी मोहीमही चालली. आयता मजकूर छापलेल्या कागदावर फक्त सही करून टपालात टाकायचे. चिलीतील १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार एदुआर्दो फ्रेई यांच्या प्रचारखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने उचलल्याचे अमेरिकन सिनेटच्या समितीने १९७५ मध्ये नमूद केले. राज्यशास्त्रज्ञ डोव्ह लेव्हिन यांच्या गणनेनुसार १९४६ ते २००० या काळात अमेरिकेने ८१ व सोव्हिएट संघ-रशियाने ३६ असे हस्तक्षेप केले, आणि मदत मिळालेल्या बाजूची मते सरासरी ३ टक्क्यांनी वाढली. ही सरासरी आहे; एखाद्या विशिष्ट निकालाचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढविलेल्या खटल्यात (१९८६) ‘सक्ती’ हा बेकायदा हस्तक्षेपाचा गाभा मानला. नुसता खोटा प्रचार सक्तीत बसतो काय, याबद्दल विधिज्ञांत एकवाक्यता नाही.

२०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत सेंट पीटर्सबर्गमधील ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ने अमेरिकन नागरिक असल्याचे भासवून समाजमाध्यमांवर खाती चालविली; या प्रकरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये तेरा रशियन व्यक्तींवर आरोपपत्र दाखल झाले. समाजमाध्यमांवरून मतदारांवर प्रभाव पाडल्याच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्षीय निवडणूकच रद्द केली. ती मे २०२५ मध्ये पुन्हा घेण्यात आली.