लहान चणीचा कुत्रा पाळताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यातल्या आमच्या ग्रूमिंगच्या (केस विंचरण्या-कापण्याच्या) टेबलावर येणारे बरेचसे कुत्रे पाच ते आठ किलोंचे असतात. 'जात कोणती?' असं विचारलं की मालक जरा अडखळतात. "आई पोमेरियन, बाप वाड्यावरचा कोणीतरी." "ल्हासासारखा दिसतो, पण कान उभे." आम्ही कार्डावर 'मिक्स' लिहितो आणि कामाला लागतो. यात कमीपणा काही नाही. मात्र एखाद्या जातीचा म्हणून सांगितला जाणारा स्वभाव अशा कुत्र्याला जसाच्या तसा लागू होत नाही. एकाच वेतातलं एक पिल्लू मांडीवरून उतरत नाही आणि दुसरं दिवसभर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माकडांच्या मागे असतं. म्हणून पिल्लू घेताना त्याच्या डोळ्यांवर भुलू नका, जमलं तर त्याची आई बघून या. ती परक्या माणसाजवळ येते की खाटेखाली दडते, यावरून बरंच कळतं.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. मिक्सरचा आवाज, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, घंटा वाजवणारे भटजी, सगळं या दिवसांत दाखवा. लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊन दाखवा, रस्त्यावर सोडू नका.

'लहान आहे, चालतं'

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका वाक्यात आहे. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याची पों-पों ऐकू आली की तुमचा कुत्रा भुंकत गेटापर्यंत धावतो. पोदेर पाव देतो आणि निघून जातो. आपल्या लेखी त्याचं काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याच्या लेखी मात्र आपण भुंकलो म्हणून तो पळाला! रोज असा विजय मिळत असेल तर तो भुंकणं कशाला सोडेल? तुम्ही मागून ओरडलात तर घरचेही भुंकायला आले असं त्याला वाटतं. पों-पों अजून वळणापलीकडे असतानाच, त्याचं तोंड उघडायच्या आत, त्याला हाक मारून फुटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. काही आठवडे लागतील, आणि घरातल्या सगळ्यांना हेच करावं लागेल. आजी एक आणि नातू दुसरं करत असतील तर चिकन वाया जाईल, एवढंच.

गुरगुरण्याचंही तसंच. अल्सेशियन गुरगुरला तर घर सावध होतं, सहा किलोचा गुरगुरला तर त्याला उचलून व्हिडिओ काढतात. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती कोणी ऐकत नाही, किंवा तिच्यासाठी फटका बसतो, हे कळलं की तो सूचना द्यायचं सोडतो आणि थेट चावतो. मुलांना त्याला उचलू देऊ नका, जमिनीवर बसवून त्यालाच जवळ येऊ द्या. पुढचे पाय धरून तर कोणीच उचलू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली.

गळ्यात पट्टा असू द्या, पण फिरवताना दोरी छातीच्या हार्नेसला लावा. लहान कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. ओढाओढीनं खोकला सुरू होतो.

केस, पाऊस आणि गोचिडी

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आमचं पोट यावर आहे.

एका आषाढात डिचोलीहून एक पांढरा, झुबकेदार कुत्रा आला. मालकीणबाई म्हणाल्या, रोज ब्रश करते. खोटं नव्हतं. ब्रश वरवरून छान फिरत होता. स्टीलचा कंगवा मुळाशी घातला तर तो कानामागे रुतूनच बसला. काखेत आणि हार्नेसच्या खाली केसांचा नमदा झाला होता. मशीन लावली तेव्हा तो एका तुकड्यात पांघरुणासारखा निघाला. खाली लालभडक, ओली कातडी आणि वाटाण्याएवढ्या फुगलेल्या दोन गोचिडी.

असं का होतं? पावसात भिजलेला कुत्रा आपण टॉवेलनं पुसतो आणि झालं म्हणतो. आपल्या हवेत मुळाशी राहिलेली ओल वाळत नाही, केस एकमेकांत घट्ट होतात आणि आतली कातडी कुजायला लागते. म्हणून ब्रशवर विसंबू नका. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत अडथळ्याशिवाय गेला पाहिजे. जटा झाली असेल तर आधी भिजवू नका, ती आणखी आवळते. एवढ्या जटा आम्ही विंचरून सोडवत नाही, कापतो. कुत्रा चार दिवस विचित्र दिसेल, पण त्याचे हाल होणार नाहीत.

ल्हासा किंवा शिह त्झूच्या वळणाचे केस वाढतच राहतात. ते सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. पोमेरियन वळणाच्या, आत लोकर असलेल्या कुत्र्याचं मात्र उन्हाळा आला म्हणून चकोट करून मागू नका. ती लोकर परत नीट येईलच असं नाही.

गोचिडी रोज शोधा: कानात, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, नखानं चिरडणं नको. एक मादी चिऱ्यांच्या फटीत हजारो अंडी घालते, तेव्हा केवळ कुत्र्यावर औषध लावून भागत नाही, घराचे कोपरेही साफ करावे लागतात. गुरांचं औषध अंदाजानं लावू नका, लहान कुत्र्यावर ते बेतू शकतं. अन्न सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टिक फिवर, म्हणजे गोचिडीमुळे येणारा ताप, वेळेत कळला तर गोळ्यांनी बहुधा बरा होतो.

लसींत रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी द्या. पावसात उंदीर फिरलेल्या पाण्यातून लेप्टो येतो. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, ते वाड्यावाड्यांवर फिरून केलेल्या लसीकरणामुळे. तेव्हा 'आता कशाला' म्हणू नका.

खाणं

सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण चारशे कॅलरी पुरतात. त्यात चहासोबत दिलेला एक पाव म्हणजे त्याच्या जेवणाचा मोठा हिस्सा झाला. हुमण (माशाची आमटी) नको, बांगड्याचा काटा नको. चवथीच्या खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या कालवणात) कांदा-लसूण नसतं हे खरं, पण तिरफळं, चिंच आणि गूळ त्याच्या पोटाला झेपत नाहीत. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम कधीच देऊ नका. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलही नाही. काटे काढलेला उकडलेला मासा आणि बिनमिठाचा उकड्या तांदळाचा भात चालतो.

जबडा एवढासा, पण दात ग्रेट डेनइतकेच, ४२. दाटीवाटीमुळे ते लवकर खराब होतात, म्हणून कुत्र्यांची पेस्ट लावून रोज घासा.

नरकासुराची रात्र

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे फिरवतात, रात्रभर आवाज असतो. संध्याकाळी लवकर फिरवून आणा, आतल्या खोलीत पंखा लावून ठेवा, पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा समज चुकीचा आहे, खुशाल जवळ घ्या. फारच थरथरत असेल तर दिवाळीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळी आणून ठेवा.

आमच्याकडे येताना

लसींचं पुस्तक आणा. दोन तास आधी खायला देऊ नका, शी-शू करवून आणा. चावण्याची सवय असेल तर आधीच सांगा, आम्ही रागावत नाही, वेळ जास्त ठेवतो. आणि तुमचा एखादा न धुतलेला जुना टॉवेल द्या. ड्रायर सुरू झाला की आम्ही तो त्याच्या पायाखाली घालतो.